वगळलेला समुद्र

मी शारजामध्ये सदतीस वर्षे प्रतिकृती बनवण्याचे काम केले. इमारती, बंदरे, वसाहती, एकदा एक तुरुंग. सगळे टेबलावर मावेल एवढे. घर विकण्याच्या दालनात काचेखाली जी चिमुकली इमारत ठेवलेली असते, जिच्या खिडक्यांत दिवे लागतात आणि जिच्या पायाशी हिरवी झाडे उभी असतात, ती कोणी तरी हाताने बनवलेली असते, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. ते येऊ नये, यातच आमचे कौशल्य.

या दिवाळी अंकासाठी संपादकांनी मला गमतीदार अनुभव लिहिण्यास सांगितले. तसे दोन आहेत. ते आधी सांगून टाकतो.

एका बांधकाम मालकाने प्रतिकृतीतली सर्व माणसे काढायला लावली. माणसे दिसली की गर्दी वाटते, असे त्याचे म्हणणे. आम्ही माणसे काढली. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, आता ओसाड वाटते. मग आम्ही निम्मी माणसे परत लावली आणि सर्वांची तोंडे समुद्राकडे केली. तो खूश झाला. दुसऱ्या एकाने शेजारच्या भूखंडावरची कामगार वसाहत पुसून तेथे खजुराची बाग लावायला सांगितली. त्या वसाहतीत आमचेच चार कारागीर राहत होते. ती बाग त्यांनीच लावली. झाडे उत्तम झाली होती.

गमतीचा भाग येथे संपला.

आमच्या धंद्यात थोडे खोटे अटळ असते. डोंगर खऱ्या प्रमाणात केला तर टेबलावर तो चादरीच्या सुरकुतीएवढा दिसतो. म्हणून उंची पाचपट, कधी दहापट वाढवावी लागते. रस्ता खऱ्या प्रमाणात दोऱ्याहून बारीक होतो, म्हणून तो रुंद करावा लागतो. मात्र असे जे जे केले असेल, ते टेबलाच्या कोपऱ्यात एका छोट्या पितळी पाटीवर कोरायचे असते. आडवे प्रमाण इतके, उभे प्रमाण इतके. त्या पाटीला आम्ही प्रमाणपाटी म्हणत असू. ती कोणी वाचत नाही. तरीही ती असली की टेबल खरे ठरते आणि नसली की ते खेळणे होते. कऱ्हाडच्या आयटीआयमध्ये आरेखन शिकताना गुरुजींनी हे बजावले होते आणि मला ते पटले होते.

पटले असूनही मी एकदा पाटीवाचून टेबल दिले. किनाऱ्यापासून बरीच आत एक उंच इमारत होणार होती. मालकाने सांगितले, समुद्र वीतभर अलीकडे आणा, पाटी लावू नका, नुसते 'कल्पनाचित्र' असे लिहा. मी समुद्र वीतभर अलीकडे आणला. वीतभराला काय होते, असे तेव्हा वाटले.

चार वर्षांनी शारजातल्या मराठी मंडळाच्या गणपतीत एक वृद्ध गृहस्थ माझ्याजवळ आले. बँकेतून निवृत्त होऊन मुलाकडे आलेले, सभ्य माणूस.

"कदमसाहेब, आमच्या टॉवरचं मॉडेल तुम्हीच केलं होतं ना?"

"हो."

"त्यात समुद्र आमच्या दारात होता."

"हो."

"आता तिथं जायला टॅक्सी करावी लागते. हिचे गुडघे गेलेत. रोज वाळूत चालवीन, असं सांगून तिला इथं आणलं होतं मी."

एवढे बोलून त्यांनी माझ्या हातावर प्रसाद ठेवला. ते रागावले असते तर बरे झाले असते.

त्या दिवसापासून मी कार्यशाळेत एक नियम लावला. यादीत नाही ते टेबलावर येणार नाही, आणि टेबलावरून जे वगळले ते पाटीवर लिहिले जाईल. तोपर्यंत मी तपासनीस झालो होतो. टेबल बाहेर पडण्याआधी शेवटची सही माझी असे. मालक नबीलसाहेब लेबनानचे, हसतमुख आणि घाईचे. ते माझ्या नियमाला "मिस्टर कदमचं संविधान" म्हणत. पण टेबले परत येणे थांबले होते, त्यामुळे त्यांनी तो चालू दिला. मला त्या नियमाचा अभिमान होता. पुढचे सर्व त्या अभिमानाबद्दल आहे.

सहा वर्षांपूर्वी आमच्याकडे एक अमेरिकन ग्राहक आला. नाव कार्व्हर. वय माझ्याएवढेच. आखातात लष्करी माल पुरवण्याच्या कामात त्याचे आयुष्य गेले होते, आणि आता दुबईतल्या आपल्या बंगल्याशेजारी तो एक खाजगी संग्रहालय उभारत होता. विषय एकच. त्याचा देश दुसऱ्या महायुद्धात कसा उतरला आणि दोन आघाड्यांवर कसा लढला.

त्याची कल्पना मला मान्य करावी लागली. सामान्य नकाशात अमेरिका मध्ये असते आणि युद्धे दोन्ही कडांना. त्याला उलटे हवे होते. दालनात शिरताच अमेरिकेचा पूर्व किनारा. तेथून पाहुण्याने टेबलाच्या कडेने चालत जायचे. अटलांटिक, उत्तर आफ्रिका, युरोप, तसेच पुढे ब्रह्मदेश, चीन, जपान, मग सगळा पॅसिफिक, आणि शेवटी अमेरिकेचा पश्चिम किनारा.

"घर दोन्ही टोकांना," तो म्हणाला. "आमची मुलं एकाच घराच्या दोन दारांतून बाहेर पडली आणि एकमेकांकडे पाठ करून लढली. हे चालताना कळलं पाहिजे."

युद्धाची हकिकत त्याने मला टेबलावर बोट फिरवत सांगितली. त्याचा देश दोन वर्षे काठावर उभा होता, इतरांना जहाजे आणि दारूगोळा पुरवत होता. मग डिसेंबरातल्या एका सकाळी जपानने हवाईवर हल्ला केला. दुसऱ्या दिवशी अमेरिकेने जपानशी युद्ध पुकारले. आणखी तीन दिवसांनी जर्मनीने अमेरिकेशी. आठवड्याच्या आत दोन्ही समुद्र पेटले. मग वरच्यांनी ठरवले, आधी जर्मनी संपवायचा, तोपर्यंत जपानला नुसते थोपवून धरायचे.

"माझे वडील थोपवणाऱ्यांत होते," कार्व्हर म्हणाला. "पॅसिफिकमध्ये. त्यांना आयुष्यभर वाटत राहिलं की आपल्याला दुसऱ्या रांगेत उभं केलं."

म्हणून त्याला पॅसिफिक पूर्ण हवा होता. एक तसूही कमी नको.

अडचण दालनाची होती. एकाच प्रमाणात सर्व काढले तर एकोणीस मीटर लांबी लागत होती. दालन चौदा मीटर. मी त्याला तीन आराखडे दाखवले. प्रमाण लहान करण्यास तो तयार नव्हता, कारण मग बेटे दिसेनाशी होत. अटलांटिक आखूड करण्यास तयार नव्हता, कारण तेथे त्याच्या देशाची जहाजे बुडाली होती. त्याने नकाशाच्या मध्यावर दोन तळहात उभे ठेवले आणि म्हणाला, "हे काढा."

एक तळहात एडनवर होता. दुसरा रंगूनवर.

आरेखनात यासाठी रीत आहे. लांब नळ कागदावर मावत नसेल तर त्याचा मधला भाग गाळतात आणि तेथे एक नागमोडी रेष देतात. वाचणाऱ्याला कळते, येथे काही आहे, पण दाखवलेले नाही. मी सुचवले की टेबलाच्या दोन भागांच्या मध्ये, उत्तर ध्रुवापासून खालपर्यंत, बोटभर रुंद पितळी पट्टी बसवू आणि तिच्यावर इंग्रजीत कोरू, 'येथे भूमी व समुद्र वगळला आहे'. कार्व्हर घाईत होता. त्याने मान हलवली. मी ते लिहून घेतले. हिमालय करावा लागणार नाही म्हणून माझे दोन आठवडे वाचले, याचे मला बरेही वाटले.

काम आमच्या हमरिया फ्री झोनमधल्या शेडमध्ये सुरू झाले. जमीन मी केली, म्हणजे उंचीच्या एकेका पातळीचा पत्रा यंत्रावर कापून थरावर थर चढवणे, मग पुट्टी, मग रंग. समुद्र इस्माईलने केला.

इस्माईल दापोलीकडचा. वय पन्नासच्या पुढे. आमच्याकडे वीस वर्षे फक्त पाणी करत असे. निळ्या रंगाच्या तळावर पारदर्शक रेझिनचे पातळ थर ओतायचे, प्रत्येक थर दिवसभर सुकू द्यायचा, बुडबुडे गरम हवेने फोडायचे. अधीर माणसाच्या हातून समुद्र होत नाही, डबके होते. इस्माईलचा समुद्र पाहून लोक बोट लावून बघत, ओले आहे का.

बुडालेल्या जहाजांसाठी समुद्रात लाल दिवे होते. दिवा म्हणजे केसाएवढ्या भोकातून वर आणलेला प्लॅस्टिकचा दोरा, खाली पेटीतला उजेड तो वर वाहून आणतो. कार्व्हरने जहाजांची यादी दिली होती, प्रत्येकाच्या अक्षांश-रेखांशासह. सगळी त्याच्या देशाच्या निशाणाखालची. काम निम्मे झाल्यावर त्याने एक बदलपत्र पाठवले. पॅसिफिकमध्ये अमुक ठिकाणी एक पिवळा दिवा. तेथे काही बुडाले नव्हते. त्याच्या वडिलांनी त्या पाण्यात जहाजावर सात महिने गस्त घातली होती. बदलपत्रावर सही होती. मी दिवा यादीत चढवला.

त्याच दुपारी जेवणाच्या सुट्टीत इस्माईल माझ्या टेबलाशी आला. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेला एक जुना कागद होता.

"काका, एक दिवा माझा पण लावायचा होता."

"कसला?"

"नाना. आईचे वडील. बोटीवर आगवाले होते, कोळसा टाकायला. कंपनी गोऱ्यांची होती, माल अमेरिकेचा. रणगाडे होते म्हणे, रशियाला द्यायचे. एडन सोडून बसऱ्याला निघाली, ती पोचलीच नाही. आई तेव्हा पाळण्यात होती."

कागद कंपनीच्या मुंबई कचेरीचा होता. जहाजाचे नाव, नानांचे नाव अब्बास, हुद्दा, आणि एडन-बसरा प्रवासात जहाज नाहीसे झाल्याचे एक वाक्य.

"आई आता ऐंशीला आली आहे," तो म्हणाला. "बापाची कबर नाही. जागा कुठली, तेही तिनं कधी बघितलं नाही. मला एक फोटो पाठवायचा आहे तिला. दिवा लावलेला. बस्स."

मी नकाशा उघडला. बोट ठेवून त्याला दाखवले. एडनपासून पुढचे सर्व पट्टीखाली जात होते.

त्याने नकाशावर एडनपासून पुढे बोट नेले. मग म्हणाला, "म्हणजे दापोली पण गेली."

"हो."

"तुमचं कऱ्हाड?"

"तेही."

"आणि आपण आत्ता बसलोय ते?"

"हमरियाही."

"चांगलं आहे," इस्माईल म्हणाला. "लढाई चाललीय आणि आपण सगळे पट्टीखाली झोपलोय." मग त्याने विचारले, "आपला देश कधी उतरला होता, काका, लढाईत?"

"यांच्या दोन वर्षे आधी. व्हाइसरॉयने जाहीर केले."

"कुणाला विचारून?"

"कोणालाही नाही."

आमच्या गावातून तेव्हा माणसे दोन्ही बाजूंना गेली होती. काही इटलीत, काही ब्रह्मदेशात. एका घरातून एक भाऊ पश्चिमेला आणि एक पूर्वेला, असेही होते. लहानपणी त्यांतल्या परतलेल्यांना मी पारावर बसलेले पाहिले होते. ते त्याला पलटणीत गेलो होतो असे म्हणत, युद्ध असा शब्द वापरत नसत. हे मी इस्माईलला सांगितले नाही. कामाची वेळ होती.

"तो समुद्रच टेबलावर नाही," मी म्हणालो. "दिवा कुठे लावणार?"

तो कागद घडी न मोडता पिशवीत घालून निघून गेला.

तीन आठवड्यांनी मी शेवटची तपासणी केली. दिवे पेटवायचे आणि यादीशी एकेक ताडायचे. डाव्या टेबलावर एक लाल दिवा जास्त निघाला. पुन्हा मोजले. एडनच्या तोंडाशी, पट्टीला अगदी चिकटून, एक दिवा होता. यादीत तो नव्हता.

इस्माईलला बोलावले.

"हा कोणाचा?"

"तुम्हाला माहीत आहे, काका."

"जहाज येथे बुडाले नाही."

"एडनहून निघालं तर होतं. तिथपर्यंत तर होतं ना. खोटं कुठं आहे त्यात?"

"दिवा बुडालेल्या जागेसाठी आहे. निघालेल्या जागेसाठी नाही."

"साहेबाच्या बापाचं काय बुडालं होतं तिकडं?"

"त्यांनी लिहून दिले आहे. सही आहे."

"मी पण लिहून देतो. सही करतो."

"तू ग्राहक नाहीस."

शेडमध्ये आणखी दोघे होते. त्यांनी माना खाली घातल्या. इस्माईल आवाज न चढवता म्हणाला, "काका, त्या टॉवरचा समुद्र पण मीच ओतला होता. वीतभर अलीकडं. तेव्हा तुम्ही काही बोलला नाहीत."

"म्हणूनच आता बोलतो आहे," मी म्हणालो. हे उत्तर मला तेव्हा चोख वाटले.

"आईला फक्त फोटो पाठवू द्या. मग काढतो."

आज लिहिताना असे वाटते की त्याला दहा मिनिटे लागली असती. तेव्हा वाटले, चुकीच्या जागेचा फोटो काढला की ती जागा कायमची चुकीची होईल, आणि एक म्हातारी बाई खोट्या ठिकाणी बापाला शोधील. त्या प्रसाद देणाऱ्या गृहस्थांचा चेहराही माझ्यासमोर होता. मी नाही म्हणालो. इस्माईलने टेबलाखाली वाकून दोरा ओढला. दिवा गेला. राहिलेल्या भोकात त्याने सुईच्या टोकाने रेझिनचा थेंब सोडला. मी भिंग लावून पाहिले. काही दिसत नव्हते.

टेबल दुबईला नेऊन जोडले. आठ माणसे, चार दिवस. पाचव्या दिवशी दुपारी कार्व्हर पाहायला आला. तो अटलांटिकपासून हळूहळू चालू लागला. बटण दाबले की हवाई पेटत होते, मग चार दिवसांचे अंतर सुचवणाऱ्या चार क्षणांनी दुसरी बाजू, मग दोन्ही किनाऱ्यांवरून उजेडाच्या रेषा समुद्रावर निघत होत्या. काम चांगले झाले होते, हे मी कोणाहीपुढे म्हणेन. कार्व्हरचे डोळे ओले होते. मधोमध येऊन तो थांबला आणि पितळी पट्टीवर बोट टेकवले.

"हे काय?"

"वगळलेला भाग. आपले ठरले होते."

"इथं काय होतं?"

"अरबी समुद्र. हिंदुस्थान. हे आखात. आपण उभे आहोत ती जागा."

"मिस्टर कदम," तो सौजन्याने म्हणाला, "तिथं आमचं काही घडलं नाही. मी जसा थांबलो तसा प्रत्येक पाहुणा इथं थांबेल आणि पट्टीबद्दल विचारील. मला तो दोन दारांच्या मध्ये थांबायला नको आहे. पट्टी काढा. निळं करून टाका."

"मग प्रमाणपाटी खोटी ठरेल."

"मग पाटीही काढा."

मी नबीलसाहेबांकडे पाहिले. ते माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "हबीबी, पाच फूट पाण्यासाठी भांडू नका. क्लायंट खूश आहे. खलास."

मी सही नाकारू शकत होतो. माझ्या सहीवाचून टेबल ताब्यात देता येत नसे. माझे वय तेव्हा सहासष्ट होते. त्या वयात कामाचा परवाना दर वर्षी मालकाच्या मर्जीने वाढतो. हे कारण म्हणून सांगत नाही. ते त्या वेळी माझ्या डोक्यात होते, एवढेच. बदलपत्र पुढे आले. त्यावर ग्राहकाची सही होती. मी खाली माझी केली.

मग इस्माईलला बोलवावे लागले. जमिनीवरचा जोड पुट्टीने भरता येत होता, पाण्यातला जोड मिटवणे दुसऱ्या कोणाला जमले नसते.

त्याला मी सांगितले, पट्टी काढायची आणि दोन्ही पाणी एक करायचे. त्याने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाला, "एक मिनिट मिळेल?"

या वेळी मी हो म्हणालो.

त्याने खिशातून रुमाल काढून पट्टी पुसली. एडनपासून थोडे पुढे, पितळेवर एक जागा अंदाजाने ठरवली, त्या शेजारी तर्जनी टेकवली आणि दुसऱ्या हाताने फोनवर फोटो काढला. एकच. मग पाना घेऊन स्क्रू काढायला बसला.

रंग जमवायला त्याला संध्याकाळपर्यंत वेळ लागला. अरबी समुद्राकडे झुकणारा हिरवट निळा आणि ब्रह्मदेशाच्या बाजूचा गढूळ निळा, दोन्ही एकमेकांत जिरवायचे होते. दुसऱ्या दिवशी वरचा थर ओतला. सुकल्यावर मी बोट फिरवले, मग नख फिरवले. जोड लागत नव्हता. माझ्या सदतीस वर्षांत मी पाहिलेला तो सर्वांत निर्दोष जोड. एडनहून निघालेले जहाज आता चार बोटांवर रंगूनला पोहोचत होते.

परतताना गाडीत मी त्याला विचारले, "आईला काय सांगितलेस?"

"सांगितलं, इथं."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, चांगली चकचकीत ठेवलीय रे जागा. कोण पुसतं?" तो खिडकीबाहेर बघत होता. "सांगितलं, मीच पुसतो."

पट्टी मी टाकू दिली नाही. बाकीच्या भंगारातून उचलून घरी आणली. त्यानंतर दोन वर्षांनी मी निवृत्त झालो आणि अल नहदामध्ये मुलाकडे राहू लागलो. त्याच सुमारास इस्माईलची आई गेली, आणि काही महिन्यांनी तोही कायमचा दापोलीला जायला निघाला. निरोप घ्यायला घरी आला. माझ्या नातीने त्याला पाणी आणून दिले आणि इंग्रजीत विचारले की ते समुद्रवाले अंकल तुम्हीच का. तो हसला. "होय बाळ, मीच," म्हणाला.

चहा झाल्यावर मी कपाटातून पट्टी काढून त्याच्यापुढे ठेवली. तीन तुकड्यांतला मधला तुकडा, हातभर लांब. वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवला होता.

"ही तू घेऊन जा," मी म्हणालो. "तुझ्याकडे असावी."

त्याने कागद सोडला. पट्टी उजेडात धरली, उलटीसुलटी केली. 'येथे भूमी व समुद्र वगळला आहे' एवढी कोरीव अक्षरे होती. ती त्याने अंगठ्याने चाचपली.

"नेली असती, काका," तो म्हणाला. "पण हिच्यावर नाव कुठं आहे?"

त्याने ती पुन्हा होती तशी गुंडाळली, टेबलावर माझ्या बाजूला सरकवली आणि बॅग उचलली. विमानाची वेळ झाली होती.

कोरण्याचे यंत्र शेडमध्ये माझ्याच टेबलाशेजारी होते. वगळलेले काय, ते पाटीवर लिहायचे, हा नियमही माझाच होता. पट्टीवर जहाजाचे नाव आणि खाली नानांचे नाव कोरायला कोणाची परवानगी लागली नसती. चार मिनिटांचे काम होते. मला ते सुचले नाही.